स्वातंत्र्यशिखराचे हमाल

गेल्या काही वर्षांत आपल्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी ठरावीक अंतराने वाचावयास मिळते. अमुक गावच्या तरुणाने, शिक्षिकेने किंवा पोलीस कर्मचाऱ्याने आफ्रिका खंडातील सर्वोच्च शिखर किलिमांजारो 'सर' केले; कोणी प्रजासत्ताक दिनाचे औचित्य साधून तिरंगा फडकाविला, कोणी शिवजयंतीचे. सोबत छायाचित्र असते आणि सत्काराचा तपशील असतो. या धाडसाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. सामान्य घरांतील मुलामुलींनी पैसे जमवून समुद्रापलीकडचा डोंगर चढावा, यात आनंदच आहे. परंतु या बातम्यांत एक वाक्य कधीच नसते. तंबू, गाद्या, स्वयंपाकाची भांडी, इंधन, आठवड्याचे धान्य, भाजी आणि पिण्याचे पाणी हे सारे एवढ्या उंचीवर कोणी नेले, हे त्यांत कोठेही लिहिलेले नसते.

ज्यांनी ते नेले त्यांना स्वाहिली भाषेत 'वापागाझी' म्हणतात. त्याच भाषेत ओझेवाल्यासाठी 'हमाली' असाही शब्द आहे. आपला 'हमाल' आणि त्यांचा 'हमाली' ही एकाच अरबी शब्दाची लेकरे होत. तेथे बक्षिसाला 'बक्षिशी' म्हणतात आणि बर्फाला 'बाराफू'. व्यापाराच्या गलबतांबरोबर हे शब्द अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांना लागले. शब्द एक आहेत आणि ओझे वाहणाऱ्याची स्थितीही फारशी वेगळी नाही. म्हणून या दूरच्या प्रश्नाकडे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे, असे मला वाटते.

प्रथम ही चढाई कशी होते ते पाहू. किलिमांजारो टांझानियाच्या उत्तर सीमेजवळ आहे. उंची ५८९५ मीटर. चढण्यास दोर, कुऱ्हाडी असे गिर्यारोहणाचे विशेष कौशल्य लागत नाही. लागतो तो दम आणि विरळ हवेची सवय होण्यास पुरेसा वेळ. म्हणून पाच ते आठ दिवसांची सहल आखली जाते. १९९१ पासून परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय चढण्यास मनाई आहे. माचामे नावाचा एक लोकप्रिय मार्ग घेतला, तर सुमारे १८०० मीटरवरील दरवाजातून आत शिरून पहिल्या दिवशी दाट पर्जन्यवन ओलांडावे लागते. पुढे शिरा पठार, ४६०० मीटरवरील लाव्हा टॉवर, बारांकोची दरी आणि तिची उभी भिंत, कारांगा, आणि शेवटी बाराफूचा तळ. तेथून मध्यरात्री निघून, गोठविणाऱ्या थंडीत पहाटे शिखर गाठावयाचे. 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, हा मार्गदर्शकाचा मंत्र प्रत्येक पर्यटकाच्या कानी पडतो.

हमालाला मात्र हळूहळू चालण्याची मुभा नाही. पर्यटक न्याहारी करून निघाले की त्यांच्या मागे तंबू उतरावयाचे, बांधावयाचे, डोक्यावर वा मानेवर ओझे घेऊन त्यांनाच मागे टाकून पुढे जावयाचे, आणि ते मुक्कामी पोहोचण्यापूर्वी तंबू उभे करून चहाचे आधण ठेवावयाचे. बाराफूच्या तळावर पाणी नाही. ते कारांगाहून डोक्यावर आणावे लागते. एका पर्यटकामागे मार्गदर्शक, स्वयंपाकी आणि हमाल मिळून साधारण तीन ते चार माणसे असतात; म्हणजे दहा जणांच्या तुकडीसाठी तीस-चाळीस जणांचा तांडा चालतो. यांपैकी बहुतेक हमाल शिखरावर जात नाहीत. त्यांचे काम तळापर्यंतचे असते. दरवर्षी तीस ते पन्नास हजार पर्यटक हा डोंगर चढावयास येतात, आणि ज्यांच्या श्रमावर ते वर जातात त्यांतील अनेकांनी आपल्याच डोंगराचा माथा पाहिलेला नसतो.

या माथ्याच्या नावाचा इतिहास समाजवाद्यांनी विसरण्यासारखा नाही. १८८९ च्या ऑक्टोबरात हान्स मायर हा जर्मन प्रवासी आणि लुडविग पुर्टशेलर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक तेथे पोहोचले. मायरने शिखराला आपल्या सम्राटाचे, कैसर विल्हेल्मचे, नाव दिले आणि माथ्यावरचा एक दगड त्याला नजर केला. स्थानिक वाटाड्यांची व ओझेवाल्यांची मदत त्या वेळीही होतीच. पण जगाच्या नोंदवहीत नावे दोघांची लागली. पुढे सुमारे साडेदहा वर्षांनी, १९०० च्या मार्चमध्ये, त्याच डोंगराच्या पायथ्याशी मोशीचा चागा प्रमुख मांगी मेली आणि त्याच्याबरोबर इतर अनेक प्रमुख यांना जर्मन सत्तेने फाशी दिले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश व जर्मन सैन्ये लढली ती आफ्रिकी माणसांच्या डोक्यावर रसद ठेवून. लाखो माणसे वाहक म्हणून जुंपली गेली. त्यांतील मृतांची संख्या एक लाखाच्या आसपास मानली जाते, आणि बहुतेक मृत्यू गोळीने नव्हे तर उपासमारीने व रोगाने झाले. दार-एस-सलाममधील प्रसिद्ध बाजारपेठेचे 'कारियाकू' हे नाव 'कॅरिअर कोअर' या इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश आहे. त्या माणसांची आठवण एवढीच एका बाजाराच्या नावात राहिली.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा या शिखरावर मशाल पेटविण्यात आली, आणि कैसरचे नाव पुसून त्याला 'उहुरू' म्हणजे 'स्वातंत्र्य' हे नाव मिळाले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९५९ साली, ज्युलियस न्येरेरे यांनी विधिमंडळात बोलताना या माथ्यावर एक ज्योत लावण्याची इच्छा व्यक्त केली होती. निराशेच्या जागी आशा आणि अवमानाच्या जागी प्रतिष्ठा यावी, असा त्या ज्योतीचा अर्थ त्यांनी सांगितला होता. १९६७ साली याच डोंगराच्या पश्चिमेस असलेल्या अरुशा शहरी त्यांच्या पक्षाने तो सुप्रसिद्ध जाहीरनामा संमत केला, ज्यात माणसाने माणसाचे शोषण न करण्याचे तत्त्व राष्ट्राचे धोरण म्हणून घोषित झाले. तेव्हा स्वातंत्र्य नावाच्या शिखराच्या वाटेवर अपुऱ्या कपड्यांनिशी, अपुऱ्या मजुरीवर ओझे वाहणारा माणूस दिसतो, तो केवळ पर्यटनातील दोष नव्हे. त्या स्वातंत्र्याने दिलेल्या वचनाचा तो एक थकलेला हप्ता आहे.

हा माणूस ओझे वाहावयास का आला? किलिमांजारोचे उतार सुपीक आहेत. केळीच्या बागेत कॉफी लावण्याची चागा शेतकऱ्यांची पद्धत नावाजलेली आहे. आफ्रिकेतील जुन्या सहकारी संस्थांपैकी एक, किलिमांजारो नेटिव्ह कोऑपरेटिव्ह युनियन, येथेच १९३३ साली उभी राहिली. म्हणजे संघटनेची परंपरा या मातीत आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे लहान झाले. १९७६ साली खुद्द समाजवादी म्हणविणाऱ्या सरकारनेच सहकारी संघ बरखास्त करून त्यांची कामे सरकारी मंडळांकडे दिली; ते संघ १९८० च्या दशकात पुन्हा उभे करावे लागले. आपल्या विचाराच्या माणसांनी केलेली ही चूक आपण झाकून ठेवू नये. शेतकऱ्याची संघटना मोडून त्याच्या नावाने कारभार करणारे सरकार पुरोगामी ठरत नाही. १९८५ साली न्येरेरे अध्यक्षपदावरून पायउतार झाले आणि १९८६ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी देशाने स्वीकारल्या. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटापद्धती कोसळली आणि कॉफीचे भाव थोड्याच अवधीत निम्म्यावर आले. ज्या घरात कॉफीच्या पैशावर मुलांच्या शाळेची फी भरली जात होती, त्या घरातला तरुण डोंगराच्या दरवाजाशी काम मागत उभा राहू लागला. पर्यटनाने त्याला रोजगार दिला हे खरे. पण त्याला रोजगाराची एवढी निकड का लागली, हेही सांगितले पाहिजे.

आता हिशेब पाहू. परदेशी पर्यटकाकडून राष्ट्रीय उद्यान दिवसाला ७० डॉलर संवर्धन शुल्क, रात्रीला ५० डॉलर तळ शुल्क आणि फेरीला २० डॉलर बचाव शुल्क घेते. त्यावर १८ टक्के मूल्यवर्धित कर. सात दिवस आणि सहा रात्रींच्या फेरीचे मूळ शुल्क ८१० डॉलर, आणि करासह ते साडेनऊशेच्या वर जाते. बरी कंपनी या फेरीचे दोन ते तीन हजार डॉलर घेते. स्वस्तातली कंपनी दीड हजाराच्या आसपास नेते. दीड हजारांतून साडेनऊशे सरकारी शुल्कात गेले, म्हणजे उरले साडेपाचशे. यातच मोटार, हॉटेल, अन्न, मार्गदर्शक, स्वयंपाकी, दलाली आणि मालकाचा नफा बसवावयाचा. सरकारी शुल्कात घासाघीस होत नाही. डिझेलवाला उधार देत नाही. घासाघीस होऊ शकते ती केवळ एका ठिकाणी, हमालाच्या मजुरीत. स्वस्त सहल स्वस्त होते ती अशी.

हमालाची किमान मजुरी दिवसाला २०,००० टांझानियन शिलिंग, म्हणजे आठ डॉलरच्या आसपास, असा दर ठरविण्यात आला. अनेक कंपन्यांनी तो पाळला नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. पाळला असे धरले, तरी एका पर्यटकामागे तीन हमाल आणि सात दिवस असा हिशेब केला, तर मजुरी होते १६८ डॉलर. अडीच हजारांच्या सहलीत हे प्रमाण सात टक्क्यांहूनही कमी पडते. याचाच दुसरा अर्थ असा की उद्या ही मजुरी दुप्पट केली, तरी सहलीची किंमत सात टक्क्यांहून कमी वाढेल. विमानाचे तिकीट काढून तेथे पोहोचलेला कोणताही पर्यटक एवढ्या वाढीमुळे परत फिरणार नाही. मजुरी वाढविली तर धंदा बुडेल, हा युक्तिवाद मी अर्थशास्त्राच्या वर्गात आणि बाहेर चाळीस वर्षे ऐकत आलो. येथे तर तो साध्या गुणाकारापुढेही टिकत नाही.

मग मजुरी का वाढत नाही? कारण मागणी करणाऱ्याला मालकच सापडत नाही. हमाल एका कंपनीचा नोकर नसतो. आज या तुकडीबरोबर, दहा दिवसांनी दुसरीबरोबर, आणि पावसाळ्यात कोणाबरोबरच नाही. त्याला निवडतो तो मार्गदर्शक किंवा मुकादम. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला पुढच्या फेरीत बोलावणे येत नाही. काम मिळावे म्हणून मुकादमालाच काही द्यावे लागते, अशाही तक्रारी आहेत. ओझ्याची मर्यादा २० किलो आहे आणि दरवाजाशी काटाही आहे. परंतु काट्यापुढे गेल्यावर गाठोडी एकत्र होतात, हे डोंगरावर सर्वांना ठाऊक असते. उरते ती बक्षिशी. फेरी संपली की पर्यटक एकत्र रक्कम काढतात आणि बहुधा प्रमुख मार्गदर्शकाच्या हाती देतात. ती खालपर्यंत किती झिरपते, हे त्या मार्गदर्शकाच्या सचोटीवर अवलंबून राहते. बक्षिशी मिळणार आहे म्हणून मालक मजुरी कमी ठेवतो, आणि मजुरी कमी आहे म्हणून हमाल बक्षिशीसाठी हसतमुख राहतो. हक्काच्या वेतनाची जागा दात्याच्या मर्जीने घेतली की कामगार याचक बनतो. बक्षिशी देणाऱ्याच्या मनात दया असते, हे मान्य करूनही हे म्हणावेच लागते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. लंडनच्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने २००९ साली उत्तर टांझानियातील पर्यटनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. किलिमांजारोच्या चढाईवर देशात सुमारे ५ कोटी डॉलर खर्च होतात, सुमारे १०,००० हमालांना काम मिळते आणि या खर्चाचा २८ टक्के भाग गरिबांपर्यंत पोहोचतो, असे त्यात दिसून आले. इतर ठिकाणच्या पर्यटनाशी तुलना करता हे प्रमाण चांगलेच आहे, असा अभ्यासकांचा अभिप्राय होता. तो मी नाकारीत नाही. म्हणूनच 'बहिष्कार टाका, जाऊ नका' असे सांगणारे काही भाबडे मित्र मला पटत नाहीत. पर्यटक थांबले तर प्रथम उपाशी राहील तो हमालच. २०२० च्या महामारीत पर्यटक थांबले तेव्हा हेच घडले. परंतु इतर ठिकाणी गरिबाला याहून कमी मिळते, म्हणून येथे मिळते ते न्याय्य ठरत नाही. ज्याच्या मानेशिवाय हा डोंगर चढताच येत नाही, त्याच्या वाट्याला किती यावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या दिशेने काही काम झालेले आहे. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था २००३ पासून हमालांना उबदार कपडे विनामूल्य वापरावयास देते, आणि मजुरी, जेवण, झोपण्याची सोय, ओझ्याची मर्यादा व बक्षिशीची उघड वाटणी हे निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. तिच्या कामाचा आदर केला पाहिजे. पण यादीत येणे कंपनीच्या खुशीवर आहे. सज्जन मालक यादीत येतो, दुर्जन बाहेर राहून कमी दरात गिऱ्हाईक पळवितो, आणि सज्जनावरच स्पर्धेचा ताण पडतो. स्वेच्छेच्या नीतीला ही मर्यादा नेहमीच असते. कामाच्या तासांचा कायदा झाला तो याच कारणाने. सर्वांना एकच नियम बांधला, तरच चांगल्या मालकाला चांगले राहणे परवडते.

आणि येथेच महाराष्ट्राजवळ सांगण्यासारखे काहीतरी आहे. आपल्याकडील बाजार समित्या, गोद्या आणि रेल्वेचे धक्के येथील हमालांचा प्रश्न नेमका हाच होता. रोज नवा मालक, मध्ये मुकादम, हजेरीपट नाही, म्हातारपणाची सोय नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेली हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांची चळवळ यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली. त्या झुंजीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याचे मर्म थोडक्यात असे : मालक बदलत असेल तर कामगाराचे नाते मालकाशी न जोडता मंडळाशी जोडावे. मालक, कामगार व शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ असावे. मालकाने मंडळात नोंदणी करावी, मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरावी. मंडळाने कामगाराला वेतन द्यावे आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांची तरतूद करावी. मजुरी मुकादमाच्या मुठीतून काढून घेणारी ही रचना आहे.

किलिमांजारोला ही रचना बाजारपेठेपेक्षाही सोपी पडेल. बाजाराला शंभर वाटा असतात. या डोंगराला मोजके दरवाजे आहेत. प्रत्येक तुकडीची नोंद दरवाजाशी होतेच, शुल्क आधी भरल्याशिवाय आत सोडले जात नाही, आणि हमालांची संख्याही लिहिली जाते. ज्या खिडकीवर सरकारचे साडेनऊशे डॉलर चोख वसूल होतात, त्याच खिडकीवर हमालांची मजुरी आणि लेव्ही का जमा होऊ नये? मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय टांझानियात खेडोपाडी पोहोचली आहे. फेरी संपताच मंडळाने मजुरी थेट हमालाच्या खात्यात टाकावी. लेव्हीतून विमा, निवृत्तिनिधी आणि थंडीचे कपडे द्यावेत. काटा केवळ दरवाजाशी न ठेवता वरच्या तळांवरही ठेवावा, आणि तो हमालांच्या प्रतिनिधीसमोर चालावा. सरकारला यात पदरचा एक शिलिंगही घालावा लागणार नाही. लागेल ती इच्छा.

आपला कायदा निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. मंडळांच्या कारभारात ढिलाई आहे, माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्या बोगस टोळ्या आहेत, आणि या दोषांचे निमित्त करून कायदाच बोथट करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. परंतु कायदा नुसता कागदावर असून भागत नाही, त्यामागे जागी संघटना लागते, हाच या अनुभवाचा धडा होय. किलिमांजारोच्या हमालांच्या संघटना आहेत, पण विखुरलेल्या आहेत. एकजुटीचे बळ काय असते ते २०१४ साली एव्हरेस्टवर दिसले. १८ एप्रिलच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार मृत्यू पावले. शेर्पांनी काम थांबविले, भरपाई वाढवून मागितली, आणि नेपाळच्या बाजूने त्या वर्षीचा मोसम जवळजवळ बंद पडला. जगातील श्रीमंत गिर्यारोहकांना तेव्हा उमगले की शेर्पा नाही म्हणाला तर शिखर जागच्या जागी राहते.

आपल्या हाती काय आहे? महाराष्ट्रातून जाणाऱ्या तुकड्या वाढत आहेत आणि त्या नेणाऱ्या संस्था येथीलच आहेत. गिर्यारोहण मंडळांत आपले कितीतरी कार्यकर्ते व सहानुभूतिदार आहेत. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे : हमालाला दिवसाची मजुरी किती आणि ती कधी मिळते? त्याला तीन वेळचे जेवण व झोपावयास तंबू आहे काय? ओझे कोण मोजते? बक्षिशी कोणाच्या हाती जाते? उत्तर मिळाले नाही तर दुसरी संस्था शोधावी. परत आल्यावर होणाऱ्या सत्कारात आपल्याबरोबर चाललेल्या हमालांची नावे वाचून दाखवावीत. सात दिवस ज्याच्या हातचा चहा घेतला, त्याचे नाव ठाऊक असणे एवढी तरी अपेक्षा गैर नाही.

आणि हेच प्रश्न आपण घरीही विचारावेत. हिमालयातील आपल्या सहलींत सामान वाहणाऱ्या गढवाली, कुमाऊँनी व नेपाळी मजुरांचा हजेरीपट कोणी पाहिला आहे? मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माथेरानला पर्यटकाला बसवून माणसाने ओढावयाची हातरिक्षा चालत आली; ती सहा महिन्यांत बंद करून तिच्या चालकांना पर्याय देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये द्यावा लागला. प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षे झाल्यावर हे न्यायालयाने सांगावे लागले, यात आपल्या चळवळीच्या अपुरेपणाचीही नोंद आहे.

टांझानियातील हमालांची लढाई टांझानियातील हमालच लढतील. त्यांना पुण्या-मुंबईहून कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु अनुभवाची देवाणघेवाण करता येते. माथाडी कायद्याचा मसुदा, मंडळांचे नियम, त्यांतील यश आणि फसलेल्या जागा, ही सामग्री इंग्रजीत व शक्य तर स्वाहिलीत तयार करून मोशीच्या हमाल संघटनांकडे पाठविण्याचे काम आपल्या कामगार संघटनांनी हाती घ्यावे. खर्च थोडा आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या मोसमात आपली जी तुकडी जाईल, तिच्याबरोबर झेंड्यासोबत हे कागदही जावेत.